कक्षेतल्या धडकेची भरपाई कोणी द्यायची?

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. इरिडियम ३३ हा अमेरिकी कंपनीचा, सॅटेलाइट फोनसेवेचा, चालू स्थितीतला. कॉसमॉस २२५१ रशियाचा, १९९३ साली सोडलेला आणि केव्हाच बंद पडलेला. सेकंदाला साडेअकरा किलोमीटरहून जास्त सापेक्ष वेगाने झालेल्या त्या धडकेत दोघांचाही चक्काचूर झाला. रडारला दिसतील एवढे मोठे तुकडेच दोन हजारांच्या घरात होते.

अशा नुकसानीसाठी १९७२चा आंतरराष्ट्रीय उत्तरदायित्व करार आहे. उपग्रहाचा भाग जमिनीवर किंवा उडत्या विमानावर पडला, तर चूक कोणाची हे न पाहता सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने याच कराराचा आधार घेत दावा केला आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

कक्षेतल्या धडकेत मात्र समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते, आणि इथेच घोडं पेंड खातं. ‘चूक’ म्हणजे काय, हे करारात कुठेच सांगितलेलं नाही. कॉसमॉस बाजूला सरकूच शकत नव्हता. पण मेलेला उपग्रह खाली आणलाच पाहिजे असा बंधनकारक आंतरराष्ट्रीय नियम तेव्हा नव्हता, आजही नाही. इरिडियम सरकू शकला असता. पण त्या दिवशीच्या एका जाहीर अंदाजानुसार दोघे ५८४ मीटर अंतराने निघून जाणार होते. अशा जवळच्या भेटी रोजच्याच. प्रत्येक वेळी इंधन जाळत बसलं तर उपग्रहाचं आयुष्यच घटतं.

त्यात इरिडियम ३३ बैकोनूरहून रशियन प्रोटॉन रॉकेटने गेला होता. जो देश उपग्रह सोडतो, सोडवून घेतो किंवा ज्याच्या भूमीवरून तो सुटतो, ते सगळे करारानुसार ‘प्रक्षेपक देश’. म्हणजे या धडकेत रशिया दोन्ही बाजूंना! करारानुसार दावा कोणीच केला नाही.

त्याच १९७२ साली जहाजांची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले. कोणत्या जहाजाने वाट द्यायची हे त्यात लिहिलेलं आहे, म्हणून समुद्रात चूक ठरवता येते. कक्षेत असा नियमच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपचा एओलस आणि एक स्टारलिंक उपग्रह धोकादायक जवळ येणार होते. शेवटी एओलसने स्वतःहून मार्ग बदलला. हजारो उपग्रहांच्या गर्दीत अशा समजूतदारपणावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. आधी वाट कोणी द्यायची हे ठरवा, मग भरपाईचं बोलता येईल.

आणि हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये श्रीहरिकोट्याहून एकाच पीएसएलव्हीने १०४ उपग्रह नेले, त्यातले १०१ परदेशी. करारानुसार त्या प्रत्येकाचा एक प्रक्षेपक देश भारत आहे.