नजर जिथे, नेम तिथे

१९९० च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीचं एकीकरण झालं आणि पूर्व जर्मनीकडची २४ मिग-२९ विमानं पश्चिमेच्या हाती आली. पुढे सरावाच्या लढतींत अमेरिकी एफ-१६ चे वैमानिक या मिगसमोर उतरले, तेव्हा त्यांना चांगलाच धक्का बसला. मिगचं नाक भलतीकडे असतानाही त्याचा नेम त्यांच्यावर लागत होता. आतला जर्मन वैमानिक फक्त मान वळवून त्यांच्याकडे बघत होता.

त्याच्या हेल्मेटवर डोळ्यासमोर एक छोटी काच होती आणि तीत नेम धरायचं वर्तुळ दिसायचं. समोरचं विमान त्या वर्तुळात आणलं की आर-७३ क्षेपणास्त्राचा उष्णता शोधणारा ‘डोळा’ त्याच दिशेला वळायचा, नाकाच्या रेषेपासून अगदी ४५ अंश बाजूलासुद्धा. एरवी नेम धरायचा तर अख्खं विमान वळवावं लागतं. वळताना वेग जातो, आणि वेग गमावलेलं विमान दुसऱ्याच्या तावडीत सापडतं. मान वळवायला एवढं काही लागत नाही. हेच मिग-२९ भारतीय हवाई दलात १९८७ साली आलं ते पुण्याच्या लोहगाव तळावर. त्या काळातल्या पुणेकरांच्या कानांत त्याचा आवाज अजून असेल.

मिगच्या हेल्मेटमध्ये नुसतं वर्तुळ होतं. आजच्या हेल्मेटमध्ये वेग, उंची, क्षितिजाची रेषा, शत्रूच्या विमानाभोवतीची चौकट, सगळं डोळ्यांपुढच्या काचेवर उमटतं. आपल्या तेजसचे वैमानिकही असंच हेल्मेट घालतात. त्याचा फायदा समजायला एक करून बघा. अंगठा डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा आणि त्याच्या मागचं लांबचं झाड बघा. झाड स्पष्ट झालं की अंगठा पुसट होतो, अंगठ्याकडे बघितलं की झाड पुसट. कॉकपिटमधले आकडे वाचताना वैमानिकाचं हेच होतं. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान सेकंदाला २५० मीटर कापतं, म्हणजे दोन सेकंद खाली बघितलं की अर्धा किलोमीटर न बघता गेला. म्हणून हेल्मेटमधली भिंगं ते आकडे अशा रीतीने दाखवतात, की ते दूर आकाशातच लिहिल्यासारखे वाटावेत. डोळ्याला फोकस बदलावाच लागत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटतो तो डोक्याचा माग काढण्याचा भाग. एका पद्धतीत कॉकपिटमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि हेल्मेटमधल्या बारीक कॉइलना ते कसं जाणवतं, त्यावरून डोकं कुठे वळलंय ते ठरवतात. पण कॉकपिटमधल्या धातूमुळे ते क्षेत्र वेडंवाकडं होतं, म्हणून आधी त्या जागेचा बिंदू न् बिंदू मोजून नकाशा करावा लागतो. इतका काटेकोरपणा का? दिशा एका अंशाने चुकली, तर किलोमीटरभर अंतरावर नेम १७ मीटर बाजूला पडतो. उशीरही चालत नाही. मान वळली आणि चित्र किंचित मागे राहिलं, तर आकडे बाहेरच्या जगावरून घसरायला लागतात आणि माणसाला मळमळतं.

अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकाची परीक्षा आणखी वेगळी. त्याच्या फक्त उजव्या डोळ्यासमोर काच असते. रात्री हेलिकॉप्टरच्या नाकावरचा उष्णता टिपणारा कॅमेरा त्याच्या डोक्याबरोबर वळतो आणि ते चित्र उजव्या डोळ्याला दाखवतो. डावा डोळा मात्र अंधार आणि कॉकपिटच बघत असतो. शिवाय कॅमेरा वैमानिकाच्या कितीतरी पुढे आणि खाली, त्यामुळे दोन डोळे दोन वेगळ्या जागांवरून जग बघतात. मेंदूला याची सवय लावावी लागते. सुरुवातीला डोकेदुखी ठरलेली.

एफ-३५ या लढाऊ विमानात तर वैमानिकासमोर आकडे दाखवणारी हेड-अप डिस्प्लेची काचच काढून टाकली आणि सगळी भिस्त हेल्मेटवर ठेवली. विमानाच्या अंगावरच्या सहा कॅमेऱ्यांची चित्रं जोडून दाखवली जातात, त्यामुळे वैमानिकाने खाली बघितलं तर विमानाच्या तळातून जमीन दिसते. मात्र रात्री जहाजावर उतरताना हेल्मेटमधल्या पडद्याच्या काळ्या भागातूनही हिरवट उजेड झिरपायचा आणि त्यात जहाजाचे दिवे हरवायचे. मग ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा पडदा आणला, कारण त्यात काळा ठिपका म्हणजे खरोखर विझलेला ठिपका.

मानेचं काय? हे हेल्मेट साधारण सव्वादोन किलोचं. ९ जी च्या, म्हणजे वजन नऊपट भासवणाऱ्या वळणात त्याचं ओझं वीस किलोंसारखं होतं, शिवाय स्वतःच्या डोक्याचं वजनही नऊपट. संकटात खुर्चीसकट विमानातून बाहेर फेकलं जाताना मानेला बसणारा हिसका याहून वाईट. २०१५ मध्ये ६२ किलोंपेक्षा कमी वजनाच्या वैमानिकांना एफ-३५ उडवायला मनाई झाली, कारण बारीक मानेला तो झेपेल याची खात्री नव्हती. मग खुर्चीत डोक्याला आधार देणारी पट्टी आली, हलक्या वैमानिकासाठी पॅराशूट किंचित उशिरा उघडायची सोय झाली आणि हेल्मेटमधून दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन काढलं. २०१७ मध्ये मनाई उठली. हे वजन कमी करायला दोन व्हायझरपैकी, म्हणजे चेहऱ्यापुढच्या काचांपैकी, एक काढून टाकला. ऊन मावळलं की वैमानिक काळा व्हायझर उतरवून हातानेच पारदर्शक चढवतो.