बिलिंग्जगेटचा मासळी बाजार, १८५९: एका एचिंगची पार्श्वभूमी

लंडनमध्ये थेम्सच्या उत्तर काठावर भरणाऱ्या बिलिंग्जगेटच्या मासळी बाजाराचे हे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेले चित्र, १८५९ सालचे आहे. ते करणारा चित्रकार जेम्स व्हिसलर अमेरिकेत जन्मलेला, पॅरिसमध्ये शिकून नुकताच लंडनला आलेला आणि जेमतेम पंचविशीचा होता. आदल्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली होती की काठावरच्या संसदेला काम चालवणे मुश्कील झाले होते; वास चित्रात उतरत नाही, एवढेच.

मराठीत अशा चित्राला सर्रास ‘कोरीव चित्र’ म्हटले जाते आणि तिथेच गफलत होते. एचिंगमध्ये चित्रकार धातू कोरत नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देऊन तो सुईने रेघ ओढतो. सुई फक्त मेण खरवडते आणि पत्रा आम्लात बुडवला की उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खाते. फिकट हव्या असलेल्या रेघा मध्येच रोगणाने झाकून पत्रा पुन्हा आम्लात सोडला, तर उरलेल्या रेघा आणखी खोल जातात आणि छापताना अधिक काळ्या उमटतात. बोलण्यात रुळला नसला तरी ‘अम्लरेखन’ हा शब्द म्हणूनच नेमका आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही, कारण कोरणीला जोर द्यावा लागतो, तर सुई कागदावरच्या टाकासारखी सहज फिरते. डोलकाठ्या, दोरखंड आणि माणसे यांची वर्दळ एवढ्या मोकळ्या हाताने टिपता आली ती त्यामुळेच.

बाजार मुळात जुना. १६९९च्या कायद्याने तो सर्व मासळीसाठी खुला झाला. वाम विकण्याचा हक्क तेवढा डच होड्यांकडे राहिला. चित्रातली इमारत १८५०च्या सुमाराची होती. रेल्वेने मासळीची आवक वाढवली, ती इमारत अपुरी पडली आणि १८७७ मध्ये त्याच जागी दुसरी उभी राहिली. पर्यटकांना आज दिसते ती ही दुसरी, त्यामुळे तिच्या छायाचित्राशेजारी हे एचिंग ठेवून साम्य शोधण्यात अर्थ नाही.

१९८२ मध्ये बाजार पूर्वेकडच्या जुन्या गोदीच्या परिसरात गेला. तिथूनही पूर्व लंडनमधल्या डॅगनमला हलवण्याचा बेत वाढत्या खर्चापायी नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडून देण्यात आला. बाजार बंद करण्याच्या मोबदल्यात व्यापाऱ्यांना भरपाई आणि आहे तिथेच धंदा चालवायला निदान २०२८पर्यंतची मुदत देऊ करण्यात आली, परंतु शतकानुशतके एकत्र भरलेला बाजार पुढेही एकत्र राहील, याची हमी त्या निर्णयात नव्हती.