संगणकशास्त्रातील इंग्रजी प्रबंधलेखन (कोकण)

संगणकशास्त्र, विदाविज्ञान (डेटा सायन्स), सायबर सुरक्षा इत्यादी विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्रजी माध्यमाच्या परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना लागणारे अहवाल, संदर्भ-आढावा व प्रबंध लिहिण्याचे कौशल्य. कोकण किनारपट्टीवर या शिक्षणाची पायाभरणी लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि रत्नागिरी, देवरूख या भागांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत होते.

विद्वत्तापूर्ण इंग्रजी लेखन या किनाऱ्याला नवे नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघाले. मालवणात जन्मलेले रा. गो. भांडारकर (१८३७–१९२५) आणि चिपळूण परिसरातले म. म. पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांनी आपले मोठे संशोधन इंग्रजीत मांडले. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातल्या दाट तळटीपा पाहिल्या, की विधानामागे आधार उभा करणे म्हणजे काय ते कळते. संगणकाच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी इथेच असते. ‘इंग्रजी कच्चे’ हे निदान पालक व शिकवणीवाले फार लवकर करून मोकळे होतात.

सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलाला तांत्रिक इंग्रजी वाचता येते. सलग लिहिण्याची वेळ मात्र त्याच्यावर क्वचितच येते. विद्यापीठाच्या परीक्षेत पाच गुणांच्या प्रश्नाला एक आकृती आणि पाच मुद्दे पुरतात. सलग लेखन म्हणावे असे एकच, शेवटच्या वर्षाचे ‘ब्लॅक बुक’ : काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीचा, वर सोनेरी अक्षरांचा प्रकल्प-अहवाल. त्यातला ‘लिटरेचर सर्व्हे’ बहुधा तक्ता असतो. लेखाचे नाव, लेखक, वर्ष, फायदे, तोटे. दहा लेखांच्या दहा ओळी भरल्या की प्रकरण संपले. (मागच्या बॅचचे ब्लॅक बुक उशाशी असतेच.) परदेशी मार्गदर्शकाला हा तक्ता चालत नाही. हे दहा लेख एकमेकांशी कुठे जुळतात, कुठे भांडतात आणि कोणता प्रश्न त्यांनी सोडून दिला, हे त्याला परिच्छेदांत हवे असते. शोधलेखांच्या प्रस्तावनेची हीच चाल भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये तीन पायऱ्यांत मांडली : क्षेत्राचे महत्त्व दाखवणे, त्यातली उणीव दाखवणे, मग आपले काम त्या जागी बसवणे.

दाव्याचे माप हा दुसरा, आणि अधिक अवघड, भाग. समजा, हापूसच्या छायाचित्रांवरून खराब फळ वेगळे काढणारी प्रणाली एका विद्यार्थ्याने केली. अहवालात तो लिहितो : ‘आमची प्रणाली खराब आंबा अचूक ओळखते.’ बागायतदार हे वाचून हसेल, कारण साका फळाच्या आत असतो. साल चांगली दिसत असताना गर बिघडलेला निघतो. प्रबंधात तेच वाक्य असे येईल : ‘सालीवर करप्याचे डाग दिसणारी फळे प्रणालीने ओळखली, साक्यासारखे अंतर्गत दोष या पद्धतीच्या कक्षेबाहेर आहेत. सर्व छायाचित्रे एकाच हंगामात, एकाच बागेत घेतली असल्याने इतर बागांबाबत निष्कर्ष काढता येत नाही.’ यात व्याकरण कुठेच आडवे आलेले नाही. आपल्या कामाची मर्यादा स्वतःच लिहिली तर गुण जातील, ही तोंडी परीक्षेतली भीती मात्र आड येते. परदेशी परीक्षक मर्यादांचे प्रकरण मुद्दाम शोधतो.

परदेशी प्रवेशासाठी द्यायच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी या कामी फारशी उपयोगी पडत नाही. १९८९ पासून चालू असलेल्या या परीक्षेच्या शैक्षणिक लेखनात साठ मिनिटांत दोन मजकूर लिहायचे असतात : किमान १५० शब्दांचे आलेखवर्णन व किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधात स्वतःचे मत हवे, संदर्भ मागितले जात नाहीत; प्रबंधाचा संदर्भांशिवाय निभाव लागत नाही. प्रवेशापुरते गुण मिळवलेला विद्यार्थी म्हणूनच पहिल्या सत्रात गडबडतो.

व्याकरणात मराठी भाषकाला छळणारी बाब म्हणजे ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ ही उपपदे. मराठीत ती नाहीत. काळांचा संकेतही सांभाळावा लागतो : केलेला प्रयोग भूतकाळात, तक्ता काय दाखवतो ते वर्तमानकाळात. या चुका सरावाने कमी होतात.

मांडणीसाठी लेटेक हे साधन रूढ आहे. डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ते १९८० च्या दशकात उभारले. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या पद्धतीत संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने चौकटी कंसातले आकडे मिळतात.

उचलेगिरीबाबत घोटाळा होतो तो टक्केवारीमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून तेवढी सूट सगळीकडेच असते असे विद्यार्थी धरून चालतात. परदेशात किती जुळले यापेक्षा काय जुळले ते पाहतात. संदर्भ न देता घेतलेला एक परिच्छेदही चौकशीला पुरतो. संकेतस्थळावरून उचललेल्या कोडलाही तोच न्याय लागतो, उगम टिप्पणीत नोंदवावा लागतो. चॅटजीपीटीसारख्या साधनांना लेखक म्हणून दाखवण्यास एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेची मनाई आहे, आणि त्यांच्याकडून मजकूर तयार करून घेतला असेल तर ते लेखात जाहीर करावे लागते. वर्गातल्या कामासाठी प्रत्येक विद्यापीठाचे, कधी प्रत्येक विषयाचेही, नियम वेगळे असतात.