एनसीक्यू : लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील आज्ञा-रांग आणि तिचे दोषशोधन

नेटिव्ह कमांड क्यूइंग, संक्षेपाने एनसीक्यू, ही साटा जोडणीच्या हार्ड डिस्कमधील एक सोय आहे. तिच्यामुळे संगणकाकडून आलेल्या वाचन-लेखनाच्या अनेक आज्ञा डिस्क एकाच वेळी स्वीकारते, त्या स्वतःजवळ रांगेत ठेवते आणि आलेल्या क्रमाने नव्हे, तर कमीत कमी हालचाल होईल अशा क्रमाने पुऱ्या करते. लॅपटॉपच्या बाबतीत हा विषय बहुधा दोन तक्रारींच्या रूपाने पुढे येतो. डिस्कच्या माहितीपत्रकात ही सोय नोंदलेली असूनही यंत्रणा ती वापरत नाही, ही पहिली. आणि रांग चालू असताना डिस्क मधेच अडखळते, ही दुसरी. दोहोंची कारणे अगदी निराळी आहेत. त्यांची गल्लत झाली तर पहिल्या तक्रारीत फक्त वेळ वाया जातो, दुसऱ्या तक्रारीत मात्र साठवलेली माहितीच हातची जाऊ शकते.

फिरत्या तबकड्यांच्या डिस्कमध्ये खरा वेळ माहिती वाचण्यात जात नाही, तर तिच्यापर्यंत पोहोचण्यात जातो. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते; म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११.१ मिलिसेकंद लागतात आणि हवा तो भाग शीर्षाखाली, म्हणजे वाचन-लेखन करणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद, थांबावे लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास साधारण १२ मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या वाचनात एका आज्ञेमागे साडेसतरा मिलिसेकंद खर्च होतात आणि सेकंदाला जेमतेम ५७ आज्ञा पुऱ्या होतात. आज्ञा एकेक करून येत असतील तर यात काही सुधारणा करण्यास डिस्कला वावच नसतो. पुढच्या आज्ञा आधीच ठाऊक असतील, तर मात्र वाटेत लागणारी माहिती जाता जाता उचलता येते. पिठाच्या गिरणीत नेमके हेच घडते : गिरणीवाला डबे आलेल्या क्रमाने दळत नाही, आधी गव्हाचे सगळे डबे घेतो, मग ज्वारीचे, मग बाजरीचे, आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी असल्यामुळे क्रम बदलला तरी पीठ ज्याचे त्यालाच मिळते.

एनसीक्यूमध्ये या चिठ्ठीचे काम ० ते ३१ हे क्रमांक करतात. म्हणून रांगेत एका वेळी जास्तीत जास्त ३२ आज्ञा मावतात. कोणती आज्ञा आधी घ्यायची हे डिस्कवरील नियंत्रक ठरवतो, कारण शीर्ष या क्षणी कोठे आहे आणि तबकडीचा कोणता भाग त्याच्याकडे येत आहे हे फक्त त्यालाच माहीत असते. अशी रांग स्कझी या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीच्या डिस्कमध्ये पूर्वीपासून होती आणि जुन्या समांतर एटीए जोडणीतही तिचा एक प्रयत्न झाला होता. परंतु त्या पद्धतीत प्रोसेसरवर पडणारा भार इतका होता की तिचा फारसा प्रसार झाला नाही. साटामध्ये माहितीची देवघेव डिस्क स्वतःहून सुरू करू शकते, आणि ही रांग व्यवहार्य ठरली ती त्यामुळेच.

ही सोय प्रत्यक्ष चालण्यासाठी चार कड्या जुळाव्या लागतात : डिस्क, मदरबोर्डवरील साटा नियंत्रक, बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूलभूत प्रणालीत) निवडलेली कार्यपद्धती आणि कार्यप्रणालीतील ड्रायव्हर. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा तिसरी कडी तुटलेली आढळते. बायोसमध्ये साटाची पद्धत ‘आयडीई’ किंवा ‘कम्पॅटिबिलिटी’ अशी असेल, तर नियंत्रक जुन्या समांतर डिस्कची नक्कल करतो आणि त्या नकलेत रांगेला जागाच नसते. रांगेसाठी ‘एएचसीआय’ ही साटाची स्वतःची पद्धत निवडावी लागते, तिचे १.० हे विनिर्देश २००४ मध्ये आले. रेड पद्धतीतही (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या), योग्य ड्रायव्हर असल्यास, रांग चालते. मात्र अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये एएचसीआयचा पर्यायच दाखवलेला नसतो. डेस्कटॉप संगणकात वेगळे नियंत्रक-कार्ड बसवता येते, लॅपटॉपमध्ये तीही सोय नाही; बायोसच्या नव्या आवृत्तीत तो पर्याय खुला झाला आहे का, एवढेच पाहणे हाती उरते.

तपासणीची सुरुवात लिनक्सवर सर्वांत स्पष्ट होते. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यामध्ये, एनसीक्यूचा आधार २००६ च्या २.६.१८ या आवृत्तीपासून आहे आणि संगणक सुरू होताना डिस्कची ओळख पटवणाऱ्या संदेशांत रांगेची खोली छापली जाते. तेथे ‘३१/३२’ असे दिसले तर सर्व ठीक आहे. पहिला आकडा यजमान बाजूचा, म्हणजे संगणकाचा, दुसरा डिस्कचा, आणि एक क्रमांक कर्नल बराच काळ स्वतःच्या कामासाठी राखून ठेवत असे. ‘०/३२’ याचा अर्थ डिस्क तयार आहे, पण नियंत्रक किंवा त्याचा ड्रायव्हर रांग चालवत नाही; बायोसकडे वळण्याची खूण ती हीच. ‘नॉट यूज्ड’ असे शब्द आले तर हे डिस्कचे मॉडेल सदोष मॉडेलांच्या यादीत असल्याने किंवा तशी सूचना दिलेली असल्याने कर्नलने रांग जाणूनबुजून बंद ठेवली आहे, असे समजावे. एनसीक्यूचा उल्लेखच नसेल तर डिस्कलाच ही सोय नाही. एचडीपार्म ही आज्ञा डिस्कची क्षमता सांगते, तिचा वापर नव्हे; हा भेद ध्यानात न घेतल्याने पुष्कळांची फसगत होते. मॅकवर सिस्टम इन्फर्मेशनमधील साटा विभागात सोय व खोली दोन्ही दिसतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये एएचसीआय नियंत्रकाचे नाव आहे का ते पाहावे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी साधने एनसीक्यूची नोंद दाखवतात, पण तीही क्षमतेचीच असते.

बायोसमधील पद्धत बदलताना विंडोजवर विशेष काळजी घ्यावी लागते. आयडीई पद्धतीत स्थापन केलेले विंडोज नुसता पर्याय बदलून पुन्हा सुरू केले, तर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही चूक दाखवून निळ्या पडद्यावर थांबते, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीलाच भरण्याची तजवीज झालेली नसते. पद्धत पूर्ववत केल्यास विंडोज पुन्हा सुरू होते, त्यामुळे अशा वेळी घाबरून सारे नव्याने स्थापन करू नये. विंडोज ८ व १० मध्ये आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्यावी, मग बायोस बदलावा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्यावे आणि नंतर ती सूचना काढावी. विंडोज ७ मध्ये रजिस्ट्रीतील ‘एमएसएएचसीआय’ या सेवेचे ‘स्टार्ट’ हे मूल्य बायोस बदलण्यापूर्वीच शून्य करावे लागते. विंडोज एक्सपीत असा ड्रायव्हर मुळातच नव्हता. स्थापनेच्या वेळी एफ६ कळ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे आणि फ्लॉपी नसलेल्या लॅपटॉपधारकांनी यापायी पुष्कळ त्रास काढला आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. संगणक अर्धा-एक मिनिट गोठतो, मग जणू काही घडलेच नाही असा पुढे चालतो. लिनक्सच्या नोंदींत ‘रीड एफपीडीएमए क्यूड’ ही आज्ञा फसल्याचे, डिस्क व संगणक यांमधील दुवा गोठल्याचे आणि तो पुन्हा प्रस्थापित केल्याचे संदेश येतात, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कला रीसेट दिल्याची १२९ क्रमांकाची घटना दिसते. एफपीडीएमए हे नाव एनसीक्यूच्या आज्ञांचे असल्यामुळे दोष रांगेवर ढकलला जातो. वस्तुतः रांग चालू असताना जवळजवळ प्रत्येक वाचन याच आज्ञेने होते, त्यामुळे दोष कोठेही असला तरी नाव हेच छापले जाणार. शिवाय नियमच असा आहे की रांगेतील एक आज्ञा फसली की डिस्क उरलेल्या सर्व आज्ञाही थांबवते आणि कोणत्या क्रमांकाची आज्ञा फसली हे सांगणारी नोंद यजमानाला वेगळी वाचावी लागते. दुवा गोठल्यावर नोंदींत एकदम तीस-एकतीस आज्ञांची रांग लागते, ती यामुळे. तेवढे दोष डिस्कवर असतात असे नव्हे.

खरे कारण शोधण्यासाठी त्या संदेशांतील चुकीचा प्रकार आणि डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, एकत्र वाचावी. ‘यूएनसी’ (माहिती वाचता न आल्याची) अशी चूक असेल आणि स्मार्टमधील १९७ क्रमांकाची, म्हणजे निर्णयाविना राहिलेल्या खराब सेक्टरांची, संख्या शून्याहून अधिक असेल तर तबकडीच खराब होत आहे. ‘आयसीआरसी’ (देवघेवीत माहिती बिघडल्याची) अशी चूक असेल आणि १९९ क्रमांकाची संख्या दिवसेंदिवस वाढत असेल तर दोष वाटेत, म्हणजे जोडणीत आहे. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क मदरबोर्डला चपट्या, कागदासारख्या पातळ केबलने जोडलेली असते. ती घडीवर चिरते, घासली जाते किंवा खोबणीतून किंचित सुटते. ती स्वच्छ करून नीट बसवणे वा बदलणे हा स्वस्त उपाय डिस्क टाकून देण्यापूर्वी करायलाच हवा. १९९ ची संख्या कधीच कमी होत नाही, म्हणून केबल बदलल्यावर ती वाढायची थांबली का, एवढेच पाहावे. दोन्ही नोंदी स्वच्छ असतील आणि अडखळणे मुख्यतः संगणक निवांत असताना किंवा बॅटरीवर असताना होत असेल, तर साटा दुव्याच्या वीजबचतीवर संशय घ्यावा आणि काही दिवस ती पूर्ण कार्यक्षमतेवर ठेवून पाहावी.

रांग बंद करणे हा परीक्षेचा भाग म्हणून योग्य आहे, इलाज म्हणून नाही. लिनक्समध्ये त्या डिस्कच्या ‘क्यू डेप्थ’ या फाइलीत १ हा आकडा लिहिला की संगणक पुन्हा सुरू न करताही रांग थांबते. चुका फार झाल्यास कर्नल स्वतःच तसे करतो आणि तशी नोंद ठेवतो. त्यानंतर गोठणे पूर्णपणे थांबले आणि स्मार्ट निष्कलंक असेल, तर डिस्कच्या फर्मवेअरमधील, म्हणजे तिच्यातच बसवलेल्या आज्ञावलीतील, दोष संभवतो आणि उत्पादकाची नवी आवृत्ती शोधावी. गोठणे नुसते कमी झाले तर मात्र मूळ बिघाड तसाच आहे, फक्त तो एका वेळी एकाच आज्ञेला गाठतो आहे. म्हणूनच यूएनसी चूक एकदा दिसली की पुढची प्रत्येक चाचणी माहितीची प्रत दुसरीकडे काढून घेतल्यावरच करावी. खराब होत चाललेल्या डिस्कवर वेगमापनाचे प्रयोग करणे हे तिचे उरलेले आयुष्य उधळणे आहे.

रांग चालू झाल्यावर किती फरक पडावा, याबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. एक मोठी चित्रफीत कॉपी करताना शीर्षाला इकडेतिकडे जावेच लागत नाही, तेथे फरक जाणवत नाही. अनेक कार्यक्रम एकदम सुरू होणे, डेटाबेस, आभासी यंत्रे अशा विखुरलेल्या कामांत तो दिसतो. एफआयओ या साधनाने विखुरलेल्या वाचनाची चाचणी रांगेची खोली १ आणि ३२ ठेवून दोनदा केली आणि आकडे जवळजवळ सारखेच आले, तर रांग कागदावरच आहे असे समजावे. हीच डिस्क काढून साध्या यूएसबी पेटीत घातली तरी असेच घडते, कारण यूएसबीच्या जुन्या पद्धतीत एका वेळी एकच आज्ञा जाते. यूएएसपी पद्धतीची पेटी असेल तरच रांग टिकते.