संगणक अडतोय? रॅम वाढवण्याआधी हे पाहा

"रॅम ८० टक्के भरलीय, वाढवून द्या," असं सांगत मशीन आमच्याकडे येतं, तेव्हा आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. हा आकडा कधी पाहिलात? मशीन अडलेलं असताना, की सहज म्हणून? बऱ्याचदा उत्तर 'सहज' असंच येतं. सहज पाहिलेल्या आकड्यावर रॅम घेऊ नका, एवढं सांगायला हे पत्रक काढलं आहे.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. मशीन चालू केल्या केल्या तो पाहू नका. तेव्हा सगळे प्रोग्रॅम एकाच वेळी उठत असतात, त्यामुळे आकडे चढलेलेच दिसणार. नेहमीचं काम सुरू करा आणि टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायला लागलं की मग पाहा. 'प्रोसेसेस' पानावर 'मेमरी' किंवा 'सीपीयू' (म्हणजे प्रोसेसर) या मथळ्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

आधी मेमरी, म्हणजे रॅम, कारण गैरसमज तिच्याबद्दलच जास्त. रॅम रिकामी असली तर मशीन पळतं, असं वाटतं खरं, पण ऑपरेटिंग सिस्टीम रॅम रिकामी पडू देत नाही. नुकत्याच वापरलेल्या फायली ती तिथे हाताशी ठेवते आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की त्या बाजूला करते. 'परफॉर्मन्स' पानावर 'कॅश्ड' म्हणून दिसतो तो मुख्यतः हाच साठा. म्हणून पाहायचा आकडा 'अव्हेलेबल'चा. लिनक्सवर 'फ्री' ही कमांड दिलीत तरी तिच्यातल्या 'फ्री' रकान्याकडे नाही, 'अव्हेलेबल'कडे बघा. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख हिरवा असेल तर विषय संपला.

८ जीबीचं मशीन घ्या. वापर ६.४ जीबी, अव्हेलेबल दीड जीबी, डिस्क २ टक्के (डिस्क किती भरली ते नव्हे, किती कामात आहे ते). हे तुमचे ८० टक्के, आणि मशीनला काहीही झालेलं नाही. आता दुसरं चित्र: अव्हेलेबल जेमतेम ३०० एमबी, डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली, आणि 'कमिटेड'च्या जोडीतला डावा आकडा १३ जीबी. म्हणजे प्रोग्रॅमनी मागितलेली जागा रॅममध्ये मावत नाही, म्हणून विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेतंय आणि परत आणतंय. रॅमकडून उत्तर यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कला काही मिलीसेकंद. हा फरक दहा हजार पटींहून जास्त आहे. एसएसडी, म्हणजे न फिरणारी जलद डिस्क, असेल तर कमी जाणवतो, पण जाणवतोच. असं रोजच दिसत असेल तर रॅम वाढवा म्हणून आम्हीच सांगू.

एक प्रकार मात्र रॅम वाढवूनही सुटत नाही. काम तेवढंच, पण एखादा प्रोग्रॅम सकाळी ४०० एमबी, दुपारी ९००, संध्याकाळी २ जीबी घेऊन बसलेला. याला मेमरी लीक म्हणतात. नाव गळतीचं असलं तरी वागणं उसनं घेऊन परत न करणाऱ्याचं आहे. जास्त रॅम दिलीत तर तो जास्त घेईल. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि त्याची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा. 'रॅम साफ' करून देणारी अ‍ॅप्स टाकू नका; ती हाताशी असलेला मजकूर डिस्कवर ढकलतात आणि मशीनला तो पुन्हा वाचत बसावं लागतं.

प्रोसेसरचा आकडा उलट्या बाजूने फसवतो. टास्क मॅनेजर सगळ्या कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, मिळून टक्के दाखवतो. ८ लॉजिकल प्रोसेसर (विंडोजच्या मोजणीतले ८ कोअर) असलेल्या मशीनवर एखादा प्रोग्रॅम एकाच कोअरचं काम करत अडकला तर दिसतात फक्त १२-१३ टक्के, आणि माणूस म्हणतो, सीपीयू तर मोकळाच आहे! लिनक्सच्या 'टॉप' या कमांडमध्ये तोच प्रोग्रॅम १०० टक्के दिसेल, कारण तिथे एक कोअर म्हणजे १००. आणि 'डिटेल्स' पानावर 'सिस्टीम आयडल प्रोसेस' ९५ दाखवत असेल तर घाबरू नका, तो रिकाम्या वेळेचा हिशोब आहे.

'परफॉर्मन्स'मधल्या सीपीयूच्या पानावर 'स्पीड' (आत्ताचा वेग) आणि 'बेस स्पीड' (प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग) असतात. काम जोरात चालू असताना आणि चार्जर लावलेला असतानाही स्पीड बेसच्या बराच खाली राहत असेल, तर मशीन तापून स्वतःला आवरतंय अशी शंका घ्या. पंख्यातली धूळ काढली की पुष्कळदा भागतं.

तिथेच 'अप टाइम' दिसेल. रोज रात्री बंद करूनही १९ दिवस? फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन करताना विंडोजचा गाभा बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि ड्रायव्हरमधला (प्रिंटर, वाय-फाय असे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला) बिघाडही तसाच पुढे येतो. शट डाउन नको, 'रीस्टार्ट' करा.

तरीही अडत असेल तर आम्हाला कळवा. नाव ओळखीचं नाही म्हणून कुठलीही प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) 'एंड टास्क' करून बंद करू नका. मशीन अडलेलं असतानाच मोबाइलवर दोन फोटो काढा: एक मेमरीनुसार लावलेल्या प्रोसेसेसचा, एक परफॉर्मन्सच्या मेमरी पानाचा. फोटोसोबत त्या वेळी काय काय उघडं होतं तेही लिहा, ब्राउझरच्या टॅबसकट.