लिम्फोसाइट वाढलेत: गर्दी आहे की एकच घराणं?

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. 'लिम्फोसाइट ४८ टक्के', शेजारी वर जाणारा बाण. संध्याकाळपर्यंत घरात दोन मतं तयार होतात. एकाला रक्ताच्या कर्करोगाची शंका येते, दुसरा म्हणतो प्रतिकारशक्ती जोरात आहे. दोघंही फसतात ते टक्केवारीला.

लिम्फोसाइट हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, आणि टक्केवारी म्हणजे त्यांचा नुसता वाटा. न्यूट्रोफिल हा दुसरा प्रकार कमी झाला की लिम्फोसाइटचा वाटा आपोआप फुगतो. एकूण पांढऱ्या पेशी ५००० असतील तर त्यांचे ४८ टक्के म्हणजे २४००. प्रौढ माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १००० ते ४००० लिम्फोसाइट असतात, म्हणजे इथे काहीच वाढलेलं नाही. पण एकूण १४,००० आणि त्यातले ६० टक्के असतील, तर ८४०० होतात. ही खरी वाढ. रिपोर्टमध्ये 'अॅब्सोल्यूट' असं लिहिलेली ओळ शोधायची, ती नसेल तर हा गुणाकार स्वतः करायचा. लहान मुलांत पहिली काही वर्षं लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, त्यांना प्रौढांची मोजपट्टी लावू नये.

खरी वाढ बहुतेक वेळा विषाणूमुळे होते आणि काही आठवड्यांत ओसरते. डांग्या खोकल्याची गंमत वेगळी आहे. त्या जिवाणूचं विष लिम्फोसाइटना रक्तातून लसीकाग्रंथीत शिरूच देत नाही, त्यामुळे त्या रक्तातच तुंबून राहतात. धूम्रपानामुळे किंवा प्लीहा काढून टाकल्यानंतर आकडा दीर्घकाळ थोडा चढा राहू शकतो.

पण तीन महिने झाले, आजारपण सरलं, तरी आकडा उतरत नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न 'किती' हा नसतो. या सगळ्या पेशी वेगवेगळ्या घरच्या आहेत, की एकाच पेशीची पिलावळ? हे ओळखायची युक्ती निसर्गानेच करून ठेवली आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते.

बी लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवणारी पेशी, अस्थिमज्जेत घडते तेव्हा ती स्वतःचा डीएनए कापते. प्रतिपिंडाच्या जनुकाचे अनेक सुटे तुकडे असतात. त्यातले मोजके निवडून ती जोडते आणि मधला भाग फेकून देते. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी हे दाखवून दिलं, त्यासाठी त्यांना १९८७चं नोबेल मिळालं. प्रतिपिंडाला जड आणि हलकी अशा दोन साखळ्या लागतात. हलकी साखळी दोन प्रकारची: कॅपा किंवा लॅम्डा. पेशी सहसा आधी कॅपा जुळवून बघते. आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर दुसरी. दोन्ही फसल्या तर लॅम्डाकडे वळते. एकदा जमलं की दुसरी वाट बंद, आणि त्या पेशीच्या लेकी-नातींनाही तोच वारसा.

निरोगी रक्तात म्हणून दोन्ही प्रकार मिसळलेले दिसतात, साधारण दोन कॅपामागे एक लॅम्डा. संसर्गाने हजारो वेगवेगळ्या पेशी वाढल्या तरी मिश्रण टिकतं. एकच पेशी बेलगाम वाढत सुटली, तर वाढलेल्या सगळ्या पेशी एकाच प्रकारच्या निघतात. फ्लो सायटोमेट्रीत पेशींना चमकणारे रंग चिकटवून लेझरसमोरून एकेक करून नेतात आणि हेच मोजतात. सोबत पृष्ठभागावरच्या खुणाही बघतात. सीडी ५, सीडी १९ आणि सीडी २३ एकाच पेशीवर सापडल्या, तर क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया (सीएलएल) या रक्ताच्या कर्करोगाचा संशय बळावतो. टी पेशी हा लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार, त्यांना हलकी साखळी नसते. त्यांची घराणी त्यांच्या रिसेप्टरच्या जनुकावरून शोधतात.

त्याआधी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाच हवा. सीएलएलच्या पेशी इतक्या नाजूक असतात की थेंब काचेवर ओढताना फुटतात आणि पुसलेल्या डागासारख्या दिसतात.

एक गोष्ट तळमळीने सांगतो. आकडा बघून 'इम्युनिटी'ची किंवा 'रक्तशुद्धी'ची पावडर सुरू करू नका. एकाच पेशीची पिलावळ वाढली म्हणून प्रतिकारशक्ती वाढत नाही; सीएलएलमध्ये तर ती घटते. पावडरीत गेलेले महिने तपासणीतून वजा होतात.

एकाच घराण्याच्या बी पेशी मायक्रोलिटरमागे ५०००च्या खाली असतील आणि गाठी किंवा इतर लक्षणं नसतील, तर तो ल्युकेमिया धरत नाहीत, फक्त लक्ष ठेवतात. सीएलएल ठरला तरी अनेकांना लगेच औषध लागत नाही. मानेत किंवा काखेत गाठी, रात्री कपडे भिजवणारा घाम, विनाकारण उतरणारं वजन, घसरणारं हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट, यांपैकी काही असेल तर मात्र थांबू नये. डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. सहा वर्षं ४५००च्या आसपास रेंगाळलेला आकडा आणि सहा महिन्यांच्या आत ४०,०००चा ८०,००० झालेला आकडा, यांतला फरक आजच्या एका रिपोर्टमध्ये दिसत नाही.