चॅटाहूची खोऱ्यातील पूल व पूलकर्ते

चॅटाहूची ही अमेरिकेच्या आग्नेय भागातील सुमारे ६९० किमी लांबीची नदी. उत्तर जॉर्जियातील ब्लू रिज डोंगरांत ती उगम पावते, अटलांटाजवळून नैर्ऋत्येकडे जाते आणि पुढे जॉर्जिया व अलाबामा यांची सीमा होते. फ्लिंट नदी मिळाल्यावर तिला अपालाचिकोला म्हणतात. त्या नावाने ती मेक्सिकोच्या आखाताला मिळते. खोरे मूळचे मस्कोगी ऊर्फ क्रीक लोकांचे. करारांवर करार लादून त्यांची जमीन काढून घेण्यात आली आणि १८३६ पासून त्यांना सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपीपलीकडे हाकलले गेले. मागे उभे राहिले कापसाचे मळे आणि त्यांत राबणारे गुलाम.

जिथे नदीचा खडकाळ उतार संपतो तिथे १८२८ मध्ये कोलंबस शहर वसवले गेले. खालून आगबोटी तिथवरच येत. कापूस पैलतीरावरून आणायचा तर पूल हवा होता. १८३२ मध्ये त्याचे कंत्राट जॉन गॉडविन या ठेकेदाराने घेतले. काम पाहणारा होता होरेस किंग (१८०७–१८८५), साउथ कॅरोलायनात जन्मलेला, गॉडविनने विकत घेतलेला गुलाम. खोऱ्यातील पूलबांधणीचा इतिहास मुख्यतः याच माणसाचा आहे, कागदोपत्री नाव कंत्राटदाराचे असले तरी. पुढे वेस्ट पॉइंट व युफॉला येथेही या जोडीने नदीवर पूल बांधले. १८४१ च्या महापुरात कोलंबसचा पूल वाहून गेला, तोही पुन्हा उभारला गेला. १८४६ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने खास कायदा करून किंगला मुक्त केले.

हे पूल वास्तुविशारद इथिएल टाउन याने १८२० मध्ये पेटंट घेतलेल्या जाळीदार कैचीचे, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या लाकडी जाळीच्या सांगाड्याचे (लॅटिस ट्रस) होते. मोठ्या तुळया व अवघड सांधे यात लागत नाहीत. करवत-गिरणीतून निघालेल्या सरळ फळ्या पुरतात. साधारण ३ इंच जाड आणि १० ते १२ इंच रुंद फळ्या दोन उलट दिशांना तिरप्या मांडून जाळी करायची, वर व खाली लांब आडव्या फळ्यांचे पट्टे दोन्ही अंगांनी आवळायचे. फळ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे गिरमिटाने भोक पाडून दीड-दोन इंच जाडीची ओकची खुंटी ठोकायची. जाळीत सहसा दोन, पट्ट्यांवर चारपर्यंत. खुंटी पूर्ण वाळलेली हवी. ओली खुंटी पुढे आक्रसते, सांधा खिळखिळा होतो आणि गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) मध्यावर बसतो. उलट, फळी जरा ओलसर असली तर वाळताना ती खुंटीला घट्ट धरते. मध्यभाग मुद्दाम किंचित उंच ठेवतात, कारण सगळे सांधे भार घेऊन बसले की तो थोडा खाली येतोच.

वर छप्पर आणि बाजूंना फळ्यांच्या भिंती असत, त्या वाटसरूंसाठी नव्हेत. पावसाचे पाणी सांध्यांत मुरले की लाकूड आतून कुजते. उघडा पूल दहा-पंधरा वर्षांत निकामी होतो, झाकलेला पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. या कैचीचा खरा दोष म्हणजे पातळ जाळी लांब गाळ्यात पिळवटते. म्हणून टाउनने १८३५ मध्ये दुहेरी जाळीचे पेटंट घेतले. पुराचा धोका पाण्यापेक्षा वाहून येणाऱ्या ओंडक्यांचा जास्त; त्यामुळे तळ पूररेषेच्या वर ठेवणे आणि दगडी खांब खडकावर बसवणे यांत हयगय चालत नसे.

आगीपुढे मात्र उपाय नव्हता. अमेरिकी यादवी युद्धात जुलै १८६४ मध्ये संघराज्याच्या (उत्तरेच्या) घोडदळाने किंगचा मूर्स ब्रिज जाळला, तर एप्रिल १८६५ मध्ये कोलंबसचे पूल लढाईत आणि त्यानंतर जळाले. युद्धानंतर किंग व त्याच्या मुलांनी पुन्हा पूल बांधले. १८६८ ते १८७२ दरम्यान तो अलाबामाच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्यही होता. मॉन्टगोमेरीतील राज्य विधान भवनाच्या सर्पिल जिन्यांचे श्रेय त्यालाच दिले जाते.

नंतर लोखंड आणि काँक्रीट आले, १९५६ मध्ये ब्युफर्ड धरणाने वरच्या खोऱ्यात लेक लॅनिअर तयार केले. मुख्य नदीवरचा किंगचा एकही लाकडी पूल आज उरलेला नाही. जॉर्जियाच्या मेरीवेदर काउंटीतील रेड ओक ओढ्यावरचा १८४० च्या दशकातला पूल परंपरेने त्याचा मानला जातो. दोन्ही टोकांच्या जोडपुलांसह तो ३९१ फूट लांब आहे. आत शिरले की दोन्ही हातांना तिरप्या फळ्यांची जाळी आणि सांध्यासांध्यावर लाकडी खुंट्यांची गोल टोके दिसतात. अशा खुंट्या सुमारे अडीच हजार आहेत.